अनुभव धागा : समुद्रकाठच्या गावात बिअरसाठी चांगली जागा कशी सापडली?

आर्वीकर
पुतण्या पुढच्या आठवड्यात गोव्याला निघाला आहे. काल कपाशीला पाणी देता देता त्याने विचारले, "काका, तिकडे बिअर प्यायला कुठे बसावे?" १९७५ पासून दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे विचारावे, यातच गंमत आहे, पण त्यामुळे मला इंग्लंडमधले ब्रायटन आठवले. मुलगी तिथे शिकत असताना आम्ही उभयता गेलो होतो. पहिल्या संध्याकाळी समुद्रासमोरच्या झगमगीत पबमध्ये शिरलो, तेव्हा बिअर आंबूस लागली आणि पैसे मात्र खिडकीतल्या समुद्राचेही घेतले असावेत. दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरमालकाने मागच्या गल्लीतली जागा सांगितली. तिथली बाई आपल्या हापशीसारखा दांडा ओढून ग्लास भरत होती. पहिला घोट घेताच मी म्हणालो, "ही तर थंडच नाही." मुलीने सांगितले की पिंपातली एल, म्हणजे तिकडची पारंपरिक बिअर, ११ ते १३ अंशांवरच देतात, कारण फार गार केली की तिची चव दबते. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या जिभेला हे पटायला दुसरा ग्लास लागला.

आपले अनुभव अवश्य लिहावेत. पुतण्याला वाचून दाखवीन.

नदीपल्याड
आर्वीकर भाऊ, आर्वीची मंडळी नदी ओलांडून आमच्या अमरावती जिल्ह्यात येतात हे ठाऊक होते. आपण तर थेट सातासमुद्रापलीकडे गेलात! वहिनींनी काय घेतले, ते लिहायचे राहिले.

आर्वीकर
लिंबू सरबत मागितले आणि नंतर माझा अर्धा ग्लास संपवला.

भद्रावतीचा
मी तीन वर्षे तिकडच्या एका किनारी गावात हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ती एल पिंपातच पुन्हा आंबत असते आणि पिंप एकदा फोडले की साधारण तीन दिवसांत संपवावे लागते, नाहीतर हवेने ती आंबट होते; आपल्याला पहिल्या दिवशी बहुधा अशीच मिळाली. म्हणून आत शिरल्यावर आधी गर्दी पाहावी आणि मग दांडे मोजावेत, कारण एकेका दांड्यामागे एक पिंप असते. रिकाम्या पबमध्ये आठ दांडे दिसले तर मुकाट्याने बाहेर पडावे. भरलेल्या पबमध्ये तीनच असले तरी निश्चिंत बसावे. दांड्यावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ते पिंप संपले आहे. घेण्याआधी घोटभर चव मागितली तर कोणी वाईट मानत नाही. ही पिंपातली एल नाहीशी होऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी १९७१ मध्ये कॅम्रा नावाची संघटनाच काढली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मात्र २०१५ ते २०२१ या काळात दारूबंदी होती, त्यावर न बोललेले बरे.

उमरखेडची मास्तरीण
आम्ही चौघी शिक्षिका मागच्या दिवाळीत गोव्याला गेलो होतो. किनाऱ्यावरच्या एका झोपडीवजा हॉटेलात हिरव्या बाटल्या शोभेसाठी फळीवर मांडल्या होत्या, आणि त्यांवर दुपारचे ऊन सरळ पडत होते. पोऱ्याने त्यांतलीच एक बर्फात बुडवून आणली. झाकण उघडताच असा उग्र दर्प आला की मैत्रिणीने बाटली लगेच हातभर दूर धरली. प्रकाशाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतली) द्रव्ये बिघडतात आणि तपकिरी काच त्याला बरीच अडवते, हे मी वर्गात शिकवू शकले असते, पण नेमके तिथे सुचले नाही. नंतर पणजीच्या फोंतान्यास भागात एका जुन्या छोट्या बारमध्ये बसलो. म्हाताऱ्या मालकाने आतल्या फ्रीजमधून बाटली काढली, तारीख पाहिली, ग्लास पाण्याने विसळला आणि मगच ओतली. समुद्र दिसत नव्हता. चार बायका पाहून कोणी मानही वर केली नाही, आणि मला तरी ती जागा त्यासाठीच आवडली.

नदीपल्याड
मास्तरीणबाई, दरही लिहा.

उमरखेडची मास्तरीण
पैसे मैत्रिणीने दिले होते, त्यामुळे चव अधिक चांगली लागली असावी.

आर्वीकर
पुतण्याला सगळे वाचून दाखवले. तारीख पाहणे आणि उन्हातली बाटली परत करणे त्याला पटले आहे. चव मागण्याबद्दल मात्र तो म्हणतो की बाटलीची चव कोण देणार? आता तो विचारतो आहे की गोव्यात हापशीवाला पब कुठे मिळेल. भद्रावतीच्या भाऊंनी उत्तर द्यावे, मी मोटर बंद करून येतो.