वस्तीतील मुलांचे वजन: आईला काय सांगावे?

प्रश्न (शिकवणी घेणारी, परदेशीपुरा, इंदूर)
माझ्याकडे संध्याकाळी आसपासच्या वस्तीतील 14 मुले शिकायला येतात. बहुतेकांच्या आया सकाळी सातलाच धुण्याभांड्यांच्या कामाला बाहेर पडतात आणि जाताना मुलाच्या हातावर दहाची नोट ठेवतात. तिचे पुढे काय होते, ते माझ्या दाराशी पडलेल्या खाऊच्या रिकाम्या पुड्यांवरून कळते. यंदा तिघांचे अंग चांगलेच सुटले आहे. त्यांतला एक जिना चढताना मध्येच थांबतो, आणि त्याची आई मात्र ‘आता कुठे खात्यापित्या घरचा दिसतो’ म्हणून समाधानी आहे. तिचे मन न दुखवता काय सांगावे?

उत्तर १ (निवृत्त आरोग्यसेविका)
ताई, आधी उंची मोजा. 5 ते 19 वर्षे वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आहेत. त्यांत वजन उंचीच्या आणि वयाच्या हिशेबाने पाहतात. लहानपणी उपासमारीने उंची खुंटलेले मूल थोड्या वजनानेही स्थूल ठरू शकते. पाच रुपयांच्या पुड्यातल्या तेला-मैद्याने भूक मरते, पण प्रथिने आणि लोह मिळत नाही. म्हणून अंगाने भरलेल्या मुलाचेही रक्त कमी असू शकते. जिन्यावर लागणारा दम केवळ वजनाचा आहे असे धरून चालू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आईलाही ‘रक्त तपासू या’ म्हटलेले रुचेल. ‘मूल जाड आहे’ म्हटलेले रुचणार नाही.

उत्तर २ (दोन मुलांचा बाप)
सगळा दोष पुड्यावर ढकलणे मला पटत नाही. आम्ही एका खोलीत राहतो. आई परतेपर्यंत बाहेर जायचे नाही अशी मुलांना सक्त ताकीद असते, कारण गल्लीत वाहनांची वर्दळ असते. मग मोबाईल उरतो. या वयात रोज 60 मिनिटे दमवणारी हालचाल आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप हवी, हे मान्य. पण थोरांचा टीव्ही अकरापर्यंत चालतो तिथे लहान मूल झोपणार कुठे? शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असे जास्त चरबी-साखर-मिठाचे पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा केंद्राचा नियम आहे. आमच्याकडे असल्या पदार्थांची गाडी फाटकालाच टेकून उभी असते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. सोमवारपासून पहिली वीस मिनिटे अंगणात लंगडी होते, मग परमल (म्हणजे मुरमुरे) आणि भाजलेले शेंगदाणे. सेव मागितली गेली, चिमूटभर दिली. शेवटी इंदूरची पोरे आहेत. त्या आईला रक्ताचे सांगितले, तर तिने पदर सावरत विचारले, “माझंही तपासतील का?”