मार्गारेटची ‘पेगी’: टोपणनाव की आणखी काही?

चाफा: अनुवादात अडले आहे. कादंबरीतल्या मार्गारेटला नवरा ‘पेगी’ म्हणतो, सासरे ‘मेग’. मराठी वाचक तीन बायका मोजणार. तळटिपेत ‘टोपणनाव’ लिहिलं, तर संपादक म्हणतात टोपणनाव लेखकाचं असतं, कुसुमाग्रज, गोविंदाग्रज. मग याला म्हणायचं काय?

निशिगंध: लाडाचं नाव. मार्गारेटची मेग, मेगी, मग पेगी. म आणि प दोन्ही पवर्गातले, ओठांवरच अदलाबदल होते. मेरीचं तसंच: आधी र चा ल होऊन मॉली, मग पॉली. सारा–सॅली, हॅरी–हॅल हाही र–लचाच खेळ. पुरुषांत यमकं जुळवत: रिचर्ड, रिक, मग हिक आणि डिक, रॉबर्ट, रॉब, मग हॉब, डॉब, बॉब. हिक आणि हॉब मागे पडले, पण हिक्स, हॉब्सन या आडनावांत टिकले.

वाटसरू: ‘लाडाचं’ पटत नाही. १९७७ साली कार्टर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ ‘जिमी’ याच नावानं घेतली, जेम्स नाही. १९९३ मध्ये क्लिंटन मात्र शपथेला विल्यम, एरवी बिल. यात लाड कुठे आला? ‘हाकेचं नाव’ म्हणा.

बोरू: एडवर्डचा ‘नेड’ बघा. जुन्या इंग्रजीत ‘माझा’ला ‘माइन’ म्हणत. ‘माइन एड’ बोलताना न पुढच्या शब्दाला चिकटला, ‘माय नेड’ झालं. नॅन, नेल याही अशाच. आणि खुद्द ‘निकनेम’ हा शब्दही याच अपघातातून आला! मूळ ‘अॅन ईकनेम’, ‘ईक’ म्हणजे जोड, भर. म्हणून माझ्या मते नेमका शब्द ‘जोडनाव’.

निशिगंध: जोडनाव कोणी बोलत नाही, बोरू. वाचकाला अडखळवणारा शब्द अचूक असून उपयोग काय? आणि टोपण म्हणजे झाकण. पेगीनं मार्गारेट झाकली जातेच की. लेखकांनी तो शब्द एकट्यानं का घ्यावा?

वाटसरू: न उलटही सुटतो. आपलं नारिंग आणि त्यांचं ऑरेंज एकाच कुळातलं. न वाटेत युरोपातच गळाला.

चाफा: म्हणजे तळटीप नको, पहिल्या प्रवेशातच ‘मार्गारेटला तो पेगी म्हणे’ असं घालू? पुढे एक ‘टेड’ही येतो, त्याला थिओडोर करते.

बोरू: थांबा, आधी मूळ तपासा. टेड एडवर्डचाही होतो. केनेडी बंधूंतला टेड एडवर्डच. नेलही एलेनॉर, एलन, हेलन, तिघींची. मागे जाताना वाट एकच नसते.

निशिगंध: आणि रागावलेली आई पूर्ण नाव घेते, तिथे ‘एडवर्ड’च राहू द्या. सगळीकडे एकच नाव केलंत तर तो राग मराठीत उतरणार नाही.

वाटसरू: ‘नारिंग’ की ‘नारंग’, कोकणात काय म्हणतात?