थेरपिस्ट विचारतात ‘शरीरात कुठे जाणवतंय?’ आणि मला काहीच जाणवत नाही

रातकिडा
काही महिने समुपदेशन घेतोय. कामाचा ताण, झोपेचे वांधे, शिवाय घरच्यांचं म्हणणं की ‘तू चिडलेला असतोस आणि तुझा तुलाच पत्ता नसतो’. त्यात तथ्य असावं, कारण दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं, रात्री दात खाता का? दाढा झिजून सपाट झाल्यात म्हणे.

आताच्या थेरपिस्ट शरीराच्या अंगाने काम करतात. मी ऑफिसातलं भांडण अगदी नीट, क्रमवार सांगत असतो आणि त्या मध्येच थांबवतात. “हे सांगताना शरीरात काय होतंय?” काही नाही! मानेखालचा मी म्हणजे खुर्चीवर टाकलेला कोट. मग त्या गप्प, मी गप्प. मागच्या वेळी शेवटी ‘छातीत जड वाटतंय’ असं ठोकून दिलं, तर त्या खूश झाल्या. आता पंचाईत अशी की पुढच्या वेळी त्या छातीबद्दलच विचारणार.

हे जाणवणं शिकता येतं का? की काही लोकांना ते नसतंच?

पाणकोंबडी
सेम हिअर. मला तर ‘कसं वाटतंय?’ला सुद्धा ‘ठीक’ याखेरीज उत्तर सुचत नाही. वाचतेय.

जुनी वही
मी याच क्षेत्रात काम करते. आधी एक सांगते, ‘काही नाही’ हे चांगलं, खरं उत्तर आहे. छातीचं जड वाटणं परत घ्या. सरळ सांगा की दडपणाखाली बोललो. कुठल्याही बऱ्या थेरपिस्टला त्या खोट्या उत्तरापेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडते.

भावना ओळखता न येणं, त्यांना शब्द न सापडणं याला अलेक्झिथायमिया म्हणतात. पीटर सिफनिऑस या मनोचिकित्सकाने 1970च्या दशकात हे नाव रूढ केलं. तो आजार नाही, कमीजास्त प्रमाणात बऱ्याच जणांत असतो. आतून येणारे संदेश मात्र थांबलेले नसतात. व्हेगस नावाची मोठी नस मेंदूतून हृदय, फुप्फुसं, आतडी इथवर जाते. तिचे साधारण 80 टक्के तंतू खालून वर, म्हणजे अवयवांकडून मेंदूकडे बातमी नेतात. बातमी पोचते. ती वाचायची सवय नसते.

तुम्ही भांडण ‘नीट, क्रमवार’ सांगता, हे वाचून मी थबकले. यूजीन जेंडलिन हे तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर काम करायचे. त्यांनी थेरपीच्या ध्वनिफिती ऐकून पाहिल्या, कोणाला फरक पडतो आणि कोणाला नाही. ज्यांना फरक पडला ते अडखळत बोलणारे होते. ‘म्हणजे राग नाही... काहीतरी वेगळंच... नाही, तेही नाही’ असे. सफाईने गोष्ट सांगणाऱ्यांचं तितकं जमत नव्हतं. तेव्हा जरा कमी नीट सांगून बघा. खरंच.

दुसरं, ‘शरीरात काय होतंय’ हा प्रश्न फार मोठा आहे. तुमच्याकडे जबड्याचा धागा आयता आहे, तोच धरा. कानाच्या खाली, जबडा जिथे वळतो तिथून किंचित पुढे दोन बोटं ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली टणक उंचवटा उठेल. तो चावण्याचा स्नायू. आता ओठ मिटलेलेच ठेवून वरचे-खालचे दात सुटे करा. उंचवटा विरघळतो. एकदम नाही, आधी बराचसा, मग मागाहून थोडा. तो मागाहूनचा थोडा लक्षात येणं हाच सगळा अभ्यास. एडमंड जेकबसन या डॉक्टरांची 1929 सालापासून प्रसिद्ध असलेली स्नायू शिथिल करण्याची पद्धत याच जातीची. आधी मुद्दाम ताण द्यायचा, तो ओळखू आला की दर वेळी थोडा कमी द्यायचा आणि तरी ओळखायचा.

पुढच्या सत्रात भांडण सांगताना बोटं तिथेच असू द्या. उंचवटा कुठल्या वाक्याला उठतो ते बघा. छातीत काय होतं ते राहू दे तूर्त.

शंकासुर
जबड्याचं पटलं. पण या पद्धतींचा जो गवगवा चाललाय तो पुराव्याच्या मानाने जास्त आहे. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचीच, म्हणजे शरीरातल्या संवेदनांवरून आघातावर काम करणाऱ्या थेरपीचीच गोष्ट घ्या. 2017मध्ये इस्रायलमधली एक बरी चाचणी आली, आघातोत्तर ताण असलेले 63 जण, आणि फायदा दिसला. पण तुलना कोणाशी? प्रतीक्षायादीत बसलेल्यांशी. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा बरं, एवढंच सिद्ध झालं. ‘आघात स्नायूंत साठतो’ हे तर लोक अक्षरशः घेतात. मांडीत कुठली आठवण भरलेली नसते.

जुनी वही
शंकासुर, यातलं काहीही खोडण्यासारखं नाही. जुन्या आघातासाठी कोणी विचारलं तर मी आधी आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) सुचवते, त्यामागे कितीतरी जास्त चाचण्या आहेत. रातकिडा यांचा प्रश्न त्या जातीचा वाटला नाही. चिडलोय हे वेळेत कळावं एवढंच त्यांना हवंय, आणि त्याला आवळलेला जबडा पुरतो.

एक सावधगिरी राहिली. काहींचं आत लक्ष वळवलं की उलटंच होतं, धडधड ऐकून अजून धडधड. पॅनिकचा त्रास असणाऱ्यांना तर बरेचदा. असं झालं की आत खोदत बसू नका. डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या वस्तू नावानिशी बघा. आणि छातीत दुखणं, हात बधिर पडणं असलं काही असेल तर आधी डॉक्टर. ते भावनेच्या खात्यावर टाकायचं नाही.

रातकिडा
धन्यवाद मंडळी. बोटं ठेवून पाहिली. साहेबांच्या ईमेलचा नुसता विषय वाचला तरी उंचवटा हजर! राग आलाय असं अजूनही वाटत नव्हतं, पण जबडा माझ्या आधी वाचून मोकळा झाला होता.

अजून एक. पुढच्या वेळी खांद्यावर हात ठेवून काम करू का, असं त्या विचारत होत्या. मला कसंसंच झालं. ते गरजेचं असतं का?

जुनी वही
नाही. यातलं बहुतेक काम स्पर्शाशिवाय होतं. त्यांनी आधी विचारलं हे बरं केलं. ‘नको’ एवढं उत्तर पुरे, कारण द्यायची गरज नाही. नकोनंतरही आग्रह झाला तर थेरपिस्ट बदला. आणि ते ‘कसंसंच’ नेमकं कुठे झालं, पोटात का पाठीत, तेवढं आठवत असेल तर त्यांना सांगा.