समोरून खटखट आवाज येतो म्हणून चारही शॉकअप बदलावेत का?

वडगावकर:
नमस्कार. माझी २०१५ सालची पेट्रोल हॅचबॅक आजवर ८३,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या पावसाळ्यापासून वडगाव बुद्रुक ते हडपसर या रोजच्या फेरीत, वीस-पंचवीसच्या वेगाने लहान खड्ड्यांवरून जाताना, समोर डाव्या बाजूने कोरडा ‘खट्-खट्’ आवाज येतो. मोठ्या गतिरोधकावर मात्र तो जवळजवळ येत नाही. याखेरीज खेड शिवापूरकडे जाताना मागे माणसे बसलेली असली, की रस्त्याच्या उंचवट्यानंतर गाडीचा मागचा भाग थोडा वेळ डोलत राहतो. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिकने बॉनेटचा डावा कोपरा जोरात दाबून सोडला, गाडी एकदा वर येऊन थांबली, आणि त्याने चारही शॉकअप गेल्याचे सांगून सुमारे २२,००० रुपयांचा अंदाज दिला. एवढ्या परीक्षेवरून असा निष्कर्ष काढता येतो का, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला स्वतःला काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना पाना:
वडगावकर, तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि गॅरेजने दोन्हींवर एकच औषध लिहून दिले आहे. आवाज ही एक तक्रार, डोलणे ही दुसरी. वर्कशॉपमध्ये बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, शॉकअपच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या आवाजांपैकी पुष्कळसे आवाज शॉकअपचे नसतातच.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नव्हे. दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, आणि ही उसळी जिरवण्यासाठी शॉकअपमधील पिस्टन तेलातून सरकतो. ते तेल पिस्टनच्या बारीक व्हॉल्व्हमधून दाबाने जाताना तापते आणि उसळीची ताकद त्या उष्णतेत संपते. त्यामुळे शॉकअप थकला की गाडी सहसा वाजण्याआधी डोलू लागते, ब्रेक मारल्यावर नाक अधिक खाली घालते आणि चाक रस्त्यावर टेकून राहत नाही.

कोपरा दाबण्याची परीक्षा अगदीच टाकाऊ नाही. सोडल्यानंतर गाडी दोन-तीनदा खालीवर होत राहिली, तर शॉकअप निकामी आहे असे खुशाल समजावे. पण गाडी एकदाच वर येऊन थांबली म्हणजे तो चांगला आहे, असेही म्हणता येत नाही, कारण हाताने दिलेला वेग खड्ड्याच्या धक्क्यापुढे काहीच नसतो आणि सांध्यांतल्या रबरी बुशांचे घर्षणही गाडीला थांबवते. तुमच्या गॅरेजने तर पास झालेल्या कोपऱ्यालाच नापास ठरवले आहे!

आता आवाजाकडे वळू. कमी वेगात, एका चाकाखाली लहान खड्डा आला की वाजणे आणि दोन्ही चाके एकदम चढतात त्या गतिरोधकावर न वाजणे, हे लक्षण माझ्या दृष्टीने लिंक रॉडकडे बोट दाखवते. डावे आणि उजवे चाक वेगवेगळे हलले तरच अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा आडवा दांडा) पिळला जातो आणि त्याला स्ट्रटशी, म्हणजे समोरच्या स्प्रिंगसह बसवलेल्या शॉकअपशी, जोडणाऱ्या लिंक रॉडवर ताण येतो. दोन्ही चाके बरोबर हलली तर तो जवळजवळ निवांत असतो. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून हँडब्रेक लावा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि चाकामागे हात घालून लिंक रॉड जोरात हलवून पाहा. दोन्ही चाके जमिनीवर असू द्या. एकच चाक जॅकवर उचलले तर बार पिळला जातो, लिंक रॉड ताणला जातो आणि सांध्यातली ढिलाई लपते. या चुकीमुळे खराब लिंक रॉड ‘ठीक आहे’ म्हणून परत गेलेले मी पाहिले आहेत. तिथे काही सापडले नाही, तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश आणि बॉल जॉइंट लिफ्टवर टामीने (लोखंडी पहारीने) तपासून घ्यावेत. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग ‘टण्’ करून उडी मारत असेल, तर स्ट्रटच्या वरचे बेअरिंग अडकते आहे असे समजावे.

शॉकअपची तपासणी टॉर्चने करावी. रॉड जिथे शॉकअपच्या बॉडीत शिरतो तिथे तेलाचा पुसटसा ओलावा असतो, तो चालतो. सील रॉडला थोडे तेल लागू देतेच. पण बॉडीवरून ओघळ खाली आला असेल आणि त्यावर धुळीचा काळा चिखल जमला असेल, तर फडक्याने स्वच्छ पुसून आठवडाभर गाडी चालवावी. पुन्हा ओले झाले, तर तो शॉकअप संपला. त्यानंतर टायरवर तळहात फिरवावा: गोलाईत थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर उड्या मारत होते. आणखी एक जुनी युक्ती अशी की, खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर लगेच एकाच ॲक्सलच्या दोन्ही शॉकअपना हात लावून पाहावा. एक कोमट आणि दुसरा थंडगार असेल, तर थंड असलेला काही काम करत नव्हता. हे करताना सायलेन्सरपासून हात जपावा.

तुमचे डोलणे मागून आहे. त्यामुळे मी आधी मागे पाहीन.

पेठेतला:
‘जुना पाना’ यांच्याशी सहमत आहे. खरेदीबाबत थोडी भर घालतो. शॉकअप एका ॲक्सलवर जोडीनेच बदलावेत, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल, तर वळणावर व ब्रेकवर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. चारही एकाच वेळी बदलणे मात्र आवश्यक नाही. नाना पेठेत घेत असाल तर गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिन सांगून पार्ट नंबर जुळवून घ्यावा आणि पक्के बिल मागावे. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएलचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे, तेव्हा चांगला माल मिळत नाही म्हणून लोकल नगावर समाधान मानण्याचे कारण नाही. समोरचे स्ट्रट बदलण्याची वेळ आलीच, तर माउंट, बेअरिंग, बंपस्टॉप आणि डस्ट कव्हर त्याच वेळी बदलावे. हे सामान तुलनेने स्वस्त असते, आणि नंतर बदलायचे ठरवल्यास सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. अलाइनमेंटचा खर्चही धरून चालावे.

रविवारचा मेकॅनिक:
मी घरी हे काम केले आहे, म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. मागचे शॉकअप स्प्रिंगपासून वेगळे असतील, तर गाडी स्टँडवर घेऊन आणि ॲक्सलला खालून जॅकचा आधार देऊन ते घरी बदलता येतात. मात्र दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करू नयेत. समोरच्या स्ट्रटची गोष्ट निराळी आहे. त्याच्या वरच्या मधल्या नटाने दाबलेली स्प्रिंग कोंडून ठेवलेली असते, आणि स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर न लावता तो नट सोडला तर स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. तेवढे काम गॅरेजलाच द्यावे.

माझी स्वतःची चूकही सांगतो. पहिल्या वेळी नट कसताना रॉड फिरू लागला, म्हणून मी तो पकडीने धरला. चकचकीत क्रोमवर नखाला जेमतेम लागेल एवढा ओरखडा पडला, आणि त्या ओरखड्याने सील कापून नवाकोरा शॉकअप चार महिन्यांत गळू लागला. नवा शॉकअप बसवण्यापूर्वी तो उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबावा व ओढावा, कारण आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत गॅस शिरलेला असतो. रबरी बुशातून जाणारे बोल्ट शेवटचे कसणे गाडी चाकांवर उभी असतानाच करावे. चाके लोंबकळत असताना कसले, तर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

वडगावकर:
सर्वांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या गॅरेजमध्ये काम पूर्ण झाले. पार्किंगमध्ये हात घातल्यावर डावा लिंक रॉड खरोखरच खुळखुळत होता. दोन्ही लिंक रॉड बदलल्यावर आवाज पूर्णपणे थांबला. समोरचे स्ट्रट कोरडे होते, त्यांना हात लावला नाही. मागे उजव्या शॉकअपवर ओघळ होता आणि तो पुसल्यावर चार दिवसांत पुन्हा आला, म्हणून मागची जोडी बदलली. जुने दोन्ही नग मी मागून घेतले आणि जमिनीवर उभे धरून दाबून पाहिले: डाव्याचा रॉड सावकाश वर आला, उजव्याचा आत गेला तो तिथेच राहिला, आणि ओढून पाहिला तर अर्धे अंतर तो काहीही विरोध न करता सरकला. पहिल्या गॅरेजने या कोपऱ्याला हातही लावला नव्हता.