नेमबाजीचं जॅकेट तपासणीत बाद झालं. हेच मऊ करावं की नवं शिवून घ्यावं? (१४ वर्षांची मुलगी, नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात मानेवाड्याकडे राहते. मुलगी नववीत आहे, १० मीटर एअर रायफल करते. आमच्या घरात या खेळाचा कोणालाच गंध नव्हता. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळालं, ते टीव्हीवर पाहिलं आणि हिनं हट्टच धरला. त्याचा प्रकार ५० मीटरचा आणि तीन पोझिशनचा (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून), हे मला फार नंतर कळलं.

गेल्या आठवड्यात तिची पहिली मोठी स्पर्धा होती. सकाळी सातला इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामानाच्या तपासणीला गेलो. कडाक्याची थंडी, हॉलच्या बाहेर टेबल मांडलेलं. रायफल पास, ट्राउझर पास, बूट पास. जॅकेट मात्र कडकपणाच्या यंत्राखाली ठेवलं तर पाठीच्या भागावर २.७ आकडा आला. लागतो किमान ३.०; आकडा कमी म्हणजे कापड जास्त ताठ. पुन्हा मोजलं, २.८. अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की यात सूट नसते. पोरगी साध्या ट्रॅकसूटवर उभी राहिली. सरावात तिचे ५९५ च्या आसपास होतात, त्या दिवशी ५६१ झाले. साठही गोळ्या मारल्या, मध्ये सोडून आली नाही. गाडीत बसल्यावर मात्र रडली.

ते जॅकेट आम्ही तिच्याच रेंजवरच्या एका मोठ्या मुलीकडून १८ हजारांत घेतलं होतं. तिला ते लहान व्हायला लागलं होतं. आमच्या रेंजवर मोजायचं यंत्र नाही, त्यामुळे कधी शंकाच आली नाही.

घरी आल्यावर मी नियम वाचायला बसले. जे समजलं ते लिहिते, चुकलं असेल तर सांगा. यंत्राला ६० मिलिमीटर व्यासाचं पोकळ नळकांडं असतं. त्यावर कापड सपाट पसरतात आणि मधोमध २० मिलिमीटरच्या चकतीवर एक किलो वजन ठेवतात. कापड निदान ३ मिलिमीटर खाली गेलं पाहिजे. कमी गेलं तर ते फार ताठ, म्हणजे शरीराला टेकू देणारं. जाडीची मोजणी वेगळी. एकेरी कापड २.५ मिलिमीटरपर्यंत चालतं, दुहेरी मोजलं तर ५. त्यातही तिचं जॅकेट बसत होतं. एवढी काटेकोर मापं का, हे लक्ष्य पाहिल्यावर पटतं. दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आहे. जॅकेटनं पाठ जरा जरी धरून ठेवली तरी उभं राहण्यातला डळमळीतपणा कमी होतो. म्हणजे नियम बरोबरच आहे, आमचीच तयारी कमी पडली.

माझ्या मनात घोळणारी गोष्ट ही: हेच जॅकेट मऊ करून घ्यावं, की मापाचं नवं शिवून घ्यावं? नव्याचा खर्च आम्हाला झेपेल, पण ओढाताण होईल. शिवाय ती वाढत्या वयात आहे, वर्षभरात दोन इंच उंच झाली. जॅकेट अंगावर सैल असायला हवं, बटण लावतो त्या जागेपेक्षा किमान ७० मिलिमीटर पुढे ओढता आलं पाहिजे, असाही नियम आहे. आज मापाचं शिवलं तर पुढच्या हिवाळ्यात तिथे अडकेल. आणि घरी मऊ करताना काही भलतंच होऊन बसलं तर? राज्यस्पर्धेला तीनच महिने आहेत.

प्रतिसाद

ताई, आधी मुलीचं कौतुक. जॅकेटशिवाय साठ गोळ्या ओढणं सोपं नाही, खांद्याला आणि कमरेला सगळा भार कळतो.

माझा मुलगा अमरावतीला करतो, आम्हीही यातून गेलोय. एक विचारतो, जॅकेट रात्रभर गाडीच्या डिक्कीत होतं का? थंडीत हे कापड आणि चामडं आखडतं. आमचं दिवाळीच्या सुमारास पास झालेलं जॅकेट जानेवारीच्या सकाळी अडकलं होतं. तेव्हापासून ते आदल्या रात्री घरातच राहतं आणि तपासणीपर्यंत मुलगा ते अंगात घालूनच बसतो. पण यंत्रावर कसंबसं ३.० आणण्यात अर्थ नाही. स्पर्धेनंतरही कोणाचीही तपासणी होऊ शकते, आणि तेव्हा जॅकेट बाद झालं तर खेळाडूलाच स्पर्धेतून बाद करतात. त्या मानानं तुमचं आधी कळलं.

मऊ करायला पाण्यात भिजवू नका, कसलं तेलही लावू नका. रोज टीव्ही पाहताना पाठीचा भाग उलटसुलट गुंडाळायचा, दाबायचा, चुरगाळायचा. महिनाभरात फरक पडतो. ज्या रेंजवर यंत्र आहे तिथे दर पंधरा दिवसांनी मोजून आणा, आणि पाठ, बाह्या, पुढचा भाग असं सगळीकडे मोजा.

प्रतिसाद

मी काही वर्षं इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर बसलो आहे. २.७ म्हणजे हातातलं प्रकरण आहे, २.२ असतं तर मी नवं घ्या म्हटलं असतं. तुमच्या जागी मी आत्ता मापाचं शिवणार नाही. मुलीची उंची स्थिरावू द्या. अंग भरलं तर बटणं सरकवून घ्या. मात्र बंद केल्यावर दोन्ही बाजू एकमेकींवर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त येता कामा नयेत, आणि शिंप्याला पट्ट्या किंवा वेल्क्रो लावू देऊ नका. हवं तसं आवळता येईल असं काहीही चालत नाही.

आणखी एक. जुनी रायफल घेतली असेल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. उत्पादकानं दिलेली मुदत, बहुतेक १० वर्षं, उलटली असेल तर सिलिंडर बदला. ही जबाबदारी खेळाडूची असते. नियमापेक्षाही, २०० बारचा दाब मुलीच्या गालाशी असतो म्हणून सांगतोय.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हो दादा, जॅकेट रात्रभर डिक्कीतच होतं. सकाळी घाई नको म्हणून मीच आधी सामान भरून ठेवलं होतं.

काका, आत्ताच सिलिंडर पाहिला. २०१७ चा आहे, म्हणजे पुढच्या वर्षी संपतो. नव्या जॅकेटसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी सिलिंडरला जातील. जॅकेट हेच ठेवतोय. तिला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, तेव्हापासून ते मांडीवर घेऊन गुंडाळत बसली आहे. पंधरा दिवसांनी मोजून आणलं की आकडा इथेच टाकते.