ऑप्टिप्लेक्स 3020 मध्ये ग्राफिक्स कार्ड: 290 वॅटचा एसएमपीएस पुरेल काय?

कापूसपट्टा, पांढरकवडा तालुका

डेल ऑप्टिप्लेक्स 3020 मिनी टॉवर आहे. आय5-4570, 8 जीबी रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क, कंपनीचाच 290 वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरले वीज देणारा डबा). लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करून राहिलो, एक्स्पोर्टला लय वेळ लागते. नागपूरले सेकंडहँड जीटीएक्स 1660 सुपर ग्राफिक्स कार्ड भेटून राहिलं. त्याले 8 पिनची पॉवर वायर लागते, अन् आपल्या एसएमपीएसले तशी वायरच नाही. दुकानदार म्हणते साटा टू 8 पिन कन्व्हर्टर (हार्ड डिस्कच्या साटा वायरीवरून कार्डाले वीज देणारा) लावा, होऊन जाते. लावू काय? संध्याकाळी वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की घरी व्होल्टेज 180 वर येते, हेही सांगून ठेवतो.

फेज_न्यूट्रल

कन्व्हर्टर अजिबात लावू नका भाऊ. साटा पॉवर कनेक्टरमध्ये 12 व्होल्टच्या 3 पिना असतात, एका पिनेची क्षमता 1.5 अँपिअर. झाले 4.5 अँपिअर, म्हणजे 54 वॅट. कार्ड 125 वॅटचं. मदरबोर्डावर कार्ड बसतं त्या स्लॉटमधून 12 व्होल्टवर जास्तीत जास्त 5.5 अँपिअर, म्हणजे 66 वॅट मिळतात. स्लॉट पूर्ण वापरला तरी 59 वॅट वायरीवर उरतातच. आणि कार्डं स्लॉटमधून एवढं ओढत नाहीत, जास्तीचा भार 8 पिनवरच टाकतात. मग कनेक्टरचं प्लास्टिक आधी तपकिरी होतं, नंतर वितळतं.

3020 मध्ये धोका आणखी मोठा आहे. याचा एसएमपीएस 12 व्होल्टच देतो, हार्ड डिस्कला लागणारा 5 व्होल्ट मदरबोर्डावर तयार होतो. झाकण उघडून पाहा, साटाची पॉवर वायर एसएमपीएसमधून येत नाही, बोर्डातून निघते. कन्व्हर्टर लावला की कार्डाचा करंट बोर्डाच्या बारीक तांब्याच्या पट्ट्यांतून जाणार. तिथं जळलं तर बोर्डच गेला.

रेंडर_रात्र

आधी फुकटातला उपाय करा. आय5-4570 मध्ये इंटेल क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग आहे. एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये एच.264 या व्हिडिओ फॉरमॅटला सॉफ्टवेअरऐवजी हार्डवेअर एन्कोडिंग निवडा. रॅमही 16 जीबी करा, या बोर्डावर दोनच स्लॉट आहेत.

कार्ड घ्यायचंच तर आरटीएक्स 3050 चं 6 जीबी मॉडेल: 70 वॅट, जादा वायर नको. नाव नीट वाचून घ्या, 8 जीबीचं 3050 हे 130 वॅटचं आहे आणि त्याला वायर लागते. जीटीएक्स 1650 सुद्धा 75 वॅटमध्ये बसतं, पण त्याच्या काही मॉडेलांना 6 पिन असते. म्हणून कार्डाची वरची कड डोळ्यानं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आरएक्स 6400 फक्त 53 वॅटचं, पण त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. एडिटिंगसाठी ते बाद.

हिशोब: प्रोसेसर 84, कार्ड 70, बोर्ड-रॅम-डिस्क-फॅन मिळून 50 धरा. 204 वॅट. 290 मध्ये आरामात बसतं. 1660 सुपर धरलं तर हाच आकडा 259 होतो, आणि एवढ्या जुन्या एसएमपीएसवर उन्हाळ्यात तो भार टाकू नये. कार्ड बसवण्याआधी डेलचं शेवटचं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) टाकून घ्या, नाहीतर स्क्रीन काळीच राहण्याची शक्यता असते. कॅबिनेटच्या मागच्या बाजूपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीनं मोजा, लांब कार्ड तिथं अडतं.

कापूसपट्टा

समजलं, कन्व्हर्टर रद्द. पण एसएमपीएसच बदलला तर 1660 बसते काय?

फेज_न्यूट्रल

बसेल. बोर्डाला 24 पिन नाही, डेलची वेगळी 8 पिन आहे, त्यामुळे डेलसाठीचाच 24 ते 8 पिन अ‍ॅडॉप्टर लागेल. लेनोवोचा 14 पिनवाला चालत नाही. एसएमपीएस 450 वॅटचा, 80 प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा), ग्राफिक्स कार्डाची 6+2 पिनची वायर मूळचीच असलेला घ्या. डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, लेबलवरची 12 व्होल्टची ओळ वाचा. तिथं 14 अँपिअर असेल तर 12 ने गुणा: 168 वॅट. मग वर 450 लिहिलेलं असो की 600. चांगल्या 450 वॅटच्या एसएमपीएसला 12 व्होल्टवर 35 अँपिअरच्या आसपास असतात.

तुमच्या 180 साठी त्याच लेबलवर इनपुट पाहा. 100 ते 240 असेल तर तो चालत राहील. 200 ते 240 लिहिलेला घेतला तर मोटारी लागल्या की रेंडर चालू असतानाच मशीन बंद पडेल. यूपीएस लावणार असाल तर 600 व्हीएचा म्हणजे साधारण 360 वॅटचा. वॅट पुरले तरी स्वस्त यूपीएसचा करंट शुद्ध साइन वेव्हचा नसतो, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (लाइनमधून करंट सुधारून घेणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस लाइट गेल्याबरोबर त्यावर बंद पडतात. घेताना दुकानातच दोन्ही जोडून प्लग काढून पाहा.

अर्थिंगही तपासा. मल्टिमीटर एसीवर ठेवून भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. 2-3 व्होल्ट ठीक, 20-30 आले तर अर्थिंग निकामी आहे किंवा न्यूट्रल ढिला आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी टाकून पुन्हा मोजा. आकडा उतरला नाही तर कार्ड लावण्याआधी वायरमनला बोलवा.