गळती त्यांची आणि मीटर आम्हाला? कुठली नगरपालिका खरंच गळती थांबवते का?

चिंचेचीसावली
मंडळी एक प्रश्न. आमच्या गावात (नाव नको, पाणीखात्यात पाहुणे आहेत) मे महिना आला की एक दिवसाआड पाणी, आणि मारुतीच्या देवळामागे दिवाळीपासून डांबरातून झरा वाहतोय, अर्ज देऊन देऊन थकलो. आता म्हणे घरोघर मीटर बसवणार. हा कुठला न्याय? गळती खरंच कुठे कमी झालीय का, झाली तर कशी? नुसत्या शिव्या नकोत, त्या घालून झाल्यात.

निवृत्त_जेई
या खात्यात नोकरी केली म्हणून सांगतो. रस्त्यावरचा झरा डोळ्यात सलतो, पण बरंच पाणी जातं ते न दिसणाऱ्या जागी. मेन लाइनवरून घराला कनेक्शन देतात तिथे फेरूल (जोडणीचा छोटा पितळी तुकडा) असतं, पुढे जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, तो गंजून सडतो आणि पाणी मुरमात नाहीतर सरळ गटारात, वर थेंब दिसत नाही. मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १४४० लिटर, माणशी रोज १३५ लिटरच्या सरकारी हिशोबाने दहा जणांचं पाणी, आणि हे महिनोन्महिने चालू!

शोधायची जुनी रीत म्हणजे रात्री दोन-अडीचला लोखंडी रॉड घेऊन निघायचं, एक टोक व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर (फिरवायच्या दांड्यावर) आणि दुसरं कानाला. जवळपास गळती असली की एकसुरी सूंऽऽ ऐकू येतं, तेवढ्यात एखादा ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून. पण त्यासाठी रात्री लाइनला प्रेशर पाहिजे ना! आपल्याकडे पाणी सकाळी दोन तास, तेव्हा सगळ्यांचे नळ चालू, मग गळती कुठली आणि वापर कुठला कळणार कसं? म्हणून छोटे झोन पाडतात, प्रत्येकाच्या तोंडाशी एक मोठा मीटर, आणि मध्यरात्री तो किती फिरतो ते बघायचं. गाव झोपलंय आणि मीटर पळतोय म्हणजे पाणी मुरतंय. पुण्याच्या चोवीस तास पाणी योजनेत असे १४१ झोन ठरले. घरी मीटर नसतील तर मात्र झोनमध्ये आलेल्या पाण्यातून घरांनी वापरलेलं वजाच करता येत नाही, म्हणून ते लागतात. फक्त आधी झोनचे, मग घरचे. उलटं केलं की लोक भडकणारच.

कोयनाकाठ
कराडजवळचं मलकापूर बघा की. २००९ च्या आसपासपासून तिथे चोवीस तास पाणी, घरोघर मीटर, रीडिंग घरात न शिरता बाहेरूनच घेतात आणि जेवढं जास्त वापराल तसा दर चढतो. माझी मावशी तिकडेच. आधी पाणी आलं की कालचं "शिळं" म्हणून भरलेली पिंपं मोरीत ओतायची आणि ताजं भरायचं, गल्लीत सगळ्यांचं तेच. आता नळाला कधीही पाणी म्हटल्यावर साठवायचंच बंद झालं.

टँकरग्रस्त
मलकापूर एवढंसं गाव हो. मुंबईत रोज जवळपास ४०० कोटी लिटर येतं आणि त्यातलं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गळती-चोरीत जातं असं पालिकाच सांगते, केंद्राचा निकष २० टक्क्यांचा!! आणि चोरी काय रॉडला कान लावून सापडणारे? ती कुठे होते हे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

निवृत्त_जेई
@टँकरग्रस्त चोरीचं खरंय, तिथे इंजिनिअरचं कमी आणि राजकारणाचं जास्त चालतं. पण नळाला डायरेक्ट मोटर लावणारे आपणच ना? मोटर ओढते तेव्हा ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून गटार आत येतं. पावसाळ्यात काविळीची साथ येते ती बऱ्याचदा अशीच.

चिंचेचीसावली
काका मस्त समजावलंत, आभार. पण झोनचा मीटर बसलाय की नाही हे आमच्यासारख्याला कळणार कसं? विचारलं तर "वरून आदेश नाही" म्हणतात.

निवृत्त_जेई
माहिती अधिकारात दोनच आकडे मागा, टाकीतून रोज किती सोडलं आणि बिल किती पाण्याचं झालं. पहिलाच आकडा "अंदाजे" आला तर टाकीलासुद्धा मीटर नाही असं समजा. आणि देवळामागच्या झऱ्याचा तारीख दिसेल असा फोटो जोडा, पाहुण्यांच्या नावाने पाठवू नका म्हणजे झालं 😄